कोकण रेल्वे आणि राज्यांच्या सीमा: तुमचे अनुभव लिहा

सोलकढी (धागाकर्ती)
परवा कारवार-पेडणे डेमूने (डिझेलवरची लोकल) शेवटपर्यंत गेले, म्हणजे कर्नाटकातून गोव्याच्या महाराष्ट्राकडच्या टोकापर्यंत, सहजच. लाईन चार राज्यांनी केंद्राबरोबर पैसे घालून बांधली, १९९० ला महामंडळ झालं तेव्हा केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ ६-६. केरळची तर कमालच, लाईन ठोकूरला म्हणजे मंगळूरजवळच संपते, त्यांच्या हद्दीत एक रूळ नाही तरी पैसे दिले. पण बांधायला एकत्र आले तसं रोज ये-जा करणाऱ्यांच्या गाड्यांसाठी एकत्र बसतात का? अनुभव टाका, लांबलचक असला तरी चालेल.

खिडकीवाली
मी कारवारची, नोकरी मडगावला. ही डेमू नसती तर गोव्यात खोली घ्यावी लागली असती आणि अर्धा पगार भाड्यातच गेला असता. सकाळी डब्यात कोंकणी, कन्नड, मराठी सगळं एकदम चालू असतं, एक मावशी टोपलीत अबोलीचे वळेसर घेऊन बसते आणि काणकोण यायच्या आत दोन-तीन डब्यातच विकते. सीमा कधी गेली कळतच नाही.

बांद्याचा बाइकवाला
नशीबवान आहात. माझं घर महाराष्ट्राच्या हद्दीत, मडुऱ्याच्या बाजूला, रूळ मागच्या परड्यातून दिसतात, कंपनी पेडण्याकडे. पुढचंच स्टेशन! पण माझ्या शिफ्टला जमेल अशी गाडीच नाही, मग पत्रादेवीवरून बाइक, पावसात रेनकोटच्या आत पण भिजतो, बूट काढून कंपनीत टिशू पेपर कोंबून ठेवतो, सुट्टीपर्यंत जेमतेम सुकतात की परत तेच. तुमची डेमू पेडण्यापर्यंत येते आणि तोंड फिरवून जाते. आमका काय, बघूचा फक्त.

गरमागरम भजी
आईला गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात दाखवायचं होतं. आमच्या सिंधुदुर्गातली निम्मी आजारपणं गोव्यातच बरी होतात. कुडाळला चढलो ती गाडी मुंबईहून भरून आलेली, आईला दाराजवळ पिशवीवर बसवलं. एका चाकरमान्याने उठून जागा दिली, करमळीपर्यंत तो उभाच. तेव्हापासून मी चाकरमान्यांना शिव्या घालणं कमी केलंय :)

क्रॉसिंग
लाईन सिंगल आहे हो, लोकल गाडी घालायची कुठे? रोहा-वीर दुपदरी झाली २०२१ ला, तेवढे ४७ किमी सोडले तर बाकी सगळं एकेरी. दिव्याच्या पॅसेंजरने गणपतीला जाताना निवसरला एवढा वेळ थांबलो की शेजारच्या काकांनी आख्खा फणसाचा किस्सा दोनदा सांगितला, आणि तेवढ्यात तीन गाड्या पुढे गेल्या. दुसरी लाईन टाकायला पैसा लागतो, म्हणून तर महामंडळाचं भारतीय रेल्वेत विलीनीकरण करायचं चाललंय. बाकी तिन्ही राज्यांनी आधीच हो म्हटलं, महाराष्ट्राने २०२५ ला, नाव कोकण रेल्वेच राहावं या अटीवर. नाव राहू दे पण गाडी वाढवा की राव.

हापूसप्रेमी
आमची सात कलमं गेली रुळाखाली. बाबा मोबदल्याच्या पैशापेक्षा त्या कलमांचंच जास्त बोलायचे, कुठलं किती धरायचं, कुठल्या आंब्यात साका (आतला खराब गर) नाही वगैरे. पेडण्याच्या बोगद्यात माती सारखी ढासळायची म्हणून काम रखडलं होतं, २६ जानेवारी १९९८ ला लाईन पूर्ण सुरू झाली तेव्हा मडगावला मामाकडे जायचं म्हणून सगळ्यात आधी बाबाच तयार. जिथे कलमं होती तिथे खिडकीतून बोट दाखवलं, गाडी एवढ्या जोरात होती की मला काहीच दिसलं नाही. मी दिसलं म्हणालो.

बांद्याचा बाइकवाला
@सोलकढी, एक विचारू? ती डेमू पेडण्याला परत फिरायच्या आधी किती वेळ उभी होती?

सोलकढी
घड्याळ नाही बघितलं, पण माझा पूर्ण चहा झाला, वडापावही.

बांद्याचा बाइकवाला
तेवढ्यात मडुऱ्याला येऊन गेली असती.