घरदुरुस्ती: इंजिनीअरचं ऐकलंत की मिस्त्रीचं?

पाऊस तोंडावर आला की कोकणात घरोघरी हाच वाद. कोणाचं ऐकलंत आणि पुढे काय झालं, नेमकं लिहा. सुरुवात मीच करते.

हर्णै : समुद्रासमोरचं घर, स्लॅबचे पोपडे पडायचे. मिस्त्री दरवेळी खरवडून प्लास्टर मारायचे, पावसाळ्यानंतर पुन्हा फुगवटा. शेवटी स्ट्रक्चरल इंजिनीअरना बोलावलं. त्यांनी अख्खा स्लॅब हातोडीने ठोकला आणि पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल केले. फोडल्यावर सळईचे पापुद्रे हातात आले. खाऱ्या हवेतलं क्लोराइड (मिठाचा अंश) सळईपर्यंत पोचलं होतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट ढकलून पाडतो. सळई मागूनही मोकळी करून घासली, झिजली तिथे जोडसळई दिली, मग पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर घातलेला सिमेंटचा गिलावा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटमध्ये सळईवर ४५ मिमी काँक्रीटचं आवरण लागतं. आमच्याकडे बोटाच्या पेराएवढंही नव्हतं. स्लॅबच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: आधी तपासणी, मगच थापी.

मालवण : आमचं उलट. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत कमरेपर्यंत ओली. शहरातल्या इंजिनीअरने सिमेंट प्लास्टर आणि वॉटरप्रूफ रंग सुचवला. गावचे गवंडी म्हणाले, "पाणी खंयसून येता ता आधी बघा." पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साठत होतं. पन्हळ लावली, गटार वळवलं, दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) चुन्याने भरल्या. जांभा ओल ओढतो, तिला बाहेर पडायला वाट हवी. सिमेंटने तोंड बंद केलं की ती आणखी वर चढते. भिंत आता कोरडी आहे.

श्रीवर्धन : ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात छप्पर उडालं. वासे सुतारानेच निवडले, त्यात त्याचा हात कोण धरणार! पण वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधायला इंजिनीअरने लावलं. वादळ छपराला खालून उचलतं, नुसत्या वजनावर भागत नाही.

देवगड : हॉल मोठा करायला मधली भिंत काढायची होती. मिस्त्री तयारच होता. आढ्याचा खांब त्याच भिंतीवर उभा आहे, हे इंजिनीअरने माळ्यावर चढून दाखवलं. भिंत पाडणार असाल तर कृपा करून विचारा.

हर्णै : मालवणकर, चुना तयार आणलात की घरी मुरवलात? आमच्या जुन्या पडवीच्या दर्जा भरायच्यात.

मालवण : घरीच. गवंडीकाकांना विचारून प्रमाण कळवतो.