पगारवाढ मागायची लाज
इथं एकानं लिहिलंय की तीन वर्षं झाली, पगार तेवढाच, अन वाढ मागायला साहेबांपुढं तोंडच उघडत नाही. माझीच गोष्ट वाचायलो असं वाटलं. मी संभाजीनगरजवळ वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीत (माल तपासायच्या खात्यात) होतो, माणूस लातूरकडचा, घरची शिकवण काय तर मालकाला उलटं बोलायचं नाही, काम दिसलं की पैसे आपोआप येतात. कुठले येतात हो!

पहिल्यांदा गेलो तेव्हा घरभाडं वाढलं, बापाचं सोयाबीन पावसात गेलं असलं सगळं रडगाणं गायलो, साहेब म्हणले अडचणी सगळ्यांनाच आहेत. दुसऱ्यांदा वही घेऊन गेलो, सहा महिने लिहून ठेवलं होतं, रिजेक्शन (खराब म्हणून बाद होणारा माल) किती होतं अन कितीपर्यंत खाली आलं, कोणतं ऑडिट मी एकट्यानं काढलं, अन तिकडं शेंद्र्याच्या एमआयडीसीत याच कामाला काय देतात ते पण. आकडा सांगितला अन गप्प बसलो. ते गप्प बसणंच लई अवघड, "थोडं कमी दिलं तरी चालंल" हे अगदी जिभेवर आलं होतं.

अन हो, वाढ सीटीसीवर (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) कबूल करू नका, त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ (साधारण बेसिकच्या, म्हणजे मूळ पगाराच्या १२ टक्के) अन बऱ्याचदा ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) पण धरलेली असते, हातात किती पडणार ते मेलवर लिहून घ्या. तुमचं अप्रेझल (कामाचा वार्षिक आढावा) एप्रिलला असंल तर जानेवारीतच बोला, बजेट ठरल्यावर साहेबाच्या पण हातात काही राहत नाही.