लॅपटॉपवर व्हिडिओ अडकतोय, आणि इअरफोनमधून गायकच गायब!

पाऊसवेडी
नमस्कार मंडळी, त्रास दोन आहेत पण लॅपटॉप एकच, म्हणून एकाच धाग्यात टाकतेय. लॅपटॉप जुना आहे, आय-५ पाचव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, विंडोज १०. भावाच्या लग्नाचे व्हिडिओ भाच्याने त्याच्या नव्या फोनवर फोर-के (एकदम बारीक तपशिलाचं मोठं चित्र) मध्ये काढलेत, फोनवर मस्त दिसतात, पण लॅपटॉपवर टाकले की आवाज पुढे पळतो आणि चित्र मागे अडकतं, म्हणजे इकडे 'सावधान' होऊन वाजंत्री सुरू झाली तरी स्क्रीनवर भटजी अजून अंतरपाट धरून उभेच.

दुसरा त्रास बाबांचा. ते दुपारी गाणी ऐकत बसतात, फोनबरोबर आलेले इअरफोन आहेत आणि खुर्ची खिडकीपाशी असल्याने मधे एक लांब एक्स्टेंशन वायर घेतलीय. तर सिनेमाची गाणी लावली की म्युझिक येतं, तेही विहिरीतून आल्यासारखं, पण गाणारा माणूसच नाही! आणि जुने रेडिओवरचे अभंग लावले तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. इअरफोन काढला की लॅपटॉपच्या स्पीकरवर सगळं व्यवस्थित. कोपऱ्यावरचा रिपेअरवाला म्हणतो साउंड कार्ड गेलं, ते बोर्डावरच असतं, म्हणजे बोर्ड बदला, नाहीतर आधी फॉरमॅट मारून बघू. ड्रायव्हर अपडेट करून झाला, कुठलंतरी कोडेक पॅकपण (वेगवेगळ्या प्रकारच्या फाइल उघडायचं सॉफ्टवेअर) टाकलं, फरक शून्य. काय करू?

चहाबाज
विंडोज उडवा, लिनक्स टाका, सुटाल.

पाऊसवेडी
दादा, बाबांना लिनक्स शिकवायला तुम्ही येणार का? चहा देईन.

घाटमाथा
अहो साधं आहे, व्हीएलसी प्लेअर टाका, त्यात जगातलं सगळं चालतं.

जुना_रेडिओ
फॉरमॅट करू नका आणि बोर्डाला तर हातच लावू देऊ नका. दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

आधी बाबांचं, कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. इअरफोनची पिन नीट बघा, तिच्यावर तीन काळ्या रेघा असतील, म्हणजे चार भाग: डावा, उजवा, ग्राउंड (दोन्ही कानांची सामाईक परतीची तार) आणि माइक. आता एक्स्टेंशन वायरची लॅपटॉपकडची पिन बघा, माझी पैज, तिच्यावर दोनच रेघा असणार, म्हणजे तीन भाग, माइकला जागाच नाही. अशा वायरीत चार भागांची पिन घातली की ग्राउंडचा संपर्क ग्राउंडवर न बसता माइकच्या भागावर बसतो. ग्राउंड तुटला की डाव्या-उजव्या कानाला आपापला आवाज मिळत नाही, दोघांमधला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज स्टुडिओत बरोबर मधे ठेवलेला असतो, दोन्हीकडे सारखा, तो वजा होऊन जातो, आणि बाजूला पसरलेली व्हायोलिनं वगैरे तेवढी उरतात. तुमचे जुने अभंग मोनो, दोन्हीकडे अगदी तेच, म्हणून तिथे सगळंच वजा. तुम्ही ते अभंगाचं लिहिलंत म्हणूनच मला खात्री वाटतेय, साउंड कार्ड बिघडलं तर ते गायक निवडून निवडून गायब करत नाही.

तपासायचं कसं, तर गाणं चालू ठेवा आणि इअरफोनच्या वायरवरचं फोन उचलायचं बटण दाबून धरा. दाबलंय तोवर गायक परत आला तर रोग हाच. त्या बटणाने माइक आणि ग्राउंड आतून जोडले जातात. मग चार भागांची एक्स्टेंशन वायर आणा, किंवा माइक नसलेला साधा हेडफोन लावा. एक्स्टेंशन काढूनही तसंच राहिलं तर लॅपटॉपच्या भोकात बॅटरी मारून बघा, कापसाचा बोळा साचून पिन पूर्ण आत जात नसेल तरी हेच होतं. लाकडी टूथपिकने काढा, लॅपटॉप बंद करून, टाचणी नको.

आता लग्न. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ लावून कंट्रोल आणि जे दाबा, फाइलची सगळी माहिती येते. तिथे एचईव्हीसी किंवा एच.२६५ दिसेल, ही व्हिडिओ दाबून लहान करायच्या एकाच पद्धतीची दोन नावं. फाइल लहान राहावी म्हणून नवे फोन यात रेकॉर्ड करतात, पण उलगडायला ते फार जड. इंटेलमध्ये हे काम करणारा पूर्ण हार्डवेअर भाग सहाव्या पिढीपासून आला, १०-बिटचा (जास्त रंगछटांच्या व्हिडिओचा) तर सातव्यापासून, तुमची पाचवी. घाटमाथा म्हणतात ते बरोबर, व्हीएलसी फाइल उघडेल, पण हिशोब तुमच्याच प्रोसेसरला करावा लागणार आणि त्याची दमछाक होणार. आवाज हलका असतो, तो वेळेवर जातो, चित्राच्या फ्रेम मागे पडतात. म्हणून तुमचे भटजी उभे. कोडेक पॅकने चिप बदलत नाही, ते काढून टाका, उगाच दुसऱ्या प्लेअरांच्या पायात येतं.

उपाय म्हणजे फाइल हलकी करणं. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात 'फास्ट १०८०पी३०' निवडा, एच.२६४ या जुन्या, हलक्या पद्धतीत फाइल तयार होते, तुमचा लॅपटॉप ती आरामात चालवेल. शिवाय फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) 'कॉन्स्टंट' करा, फोन मधेच फ्रेमरेट कमी-जास्त करतो आणि त्यानेही आवाज सरकतो. वेळ लागेल, चार्जर लावून रात्री सोडून द्या.

उंडगा
मधेच घुसतो, माझं ब्लूटूथ हेडफोनचं आहे, सिनेमा बघताना झकास आवाज आणि ऑफिसची मीटिंग सुरू झाली की एकदम लँडलाइनसारखा डबडा, हेही ग्राउंडच का?

जुना_रेडिओ
नाही हो, ब्लूटूथला कसला ग्राउंड. माइक चालू झाला की हेडफोन गाण्याच्या मोडमधून फोनकॉलच्या मोडमध्ये जातो, त्यात आवाज मोनो आणि दबका होतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेवा.

घाटमाथा
पाऊसवेडी, घरी नवा टीव्ही असेल तर पेनड्राइव्हवर मूळ फाइल टाकून लावून बघा, बऱ्याच टीव्हींना एच.२६५ चालतं. फक्त पेनड्राइव्ह एफएटी-३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल कॉपीच होणार नाही, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, पण त्याआधी आतलं सगळं दुसरीकडे हलवा, पुसलं जातं.

पाऊसवेडी
काका!! बटण दाबलं आणि बाबा ओरडले, "अगं आला, आला!" सोडलं की परत गायब. एक्स्टेंशनच्या पिनवर खरंच दोनच रेघा. आता ते एका हाताने बटण दाबून अभंग ऐकत बसलेत, नवी वायर संध्याकाळी आणते. हँडब्रेकवर आधी हळदीचा छोटा व्हिडिओ करून बघितला, लोण्यासारखा चालतोय. लग्नाचे सगळे झाले की मूळ फायली डिलीट केल्या तर चालतील ना? डिस्क पार भरलीय.

जुना_रेडिओ
अजिबात नाही. त्या बाहेरच्या हार्डडिस्कवर टाका, आणि भाच्याला सांगा त्याच्या फोनमधूनही एवढ्यात उडवू नकोस. लॅपटॉप कधीतरी बदलालच, तेव्हा फोर-केच बघावंसं वाटेल.

चहाबाज
मग लिनक्स नकोच का?