फॅटी अ‍ॅसिड प्रोफाइल करावी का? (बाबांसाठी, नागपूर)

जवसचटणी: बाबा ६१ वर्षांचे, पक्के शाकाहारी. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. घरी रक्त न्यायला येणारा पोरगा म्हणाला, "काका, फॅटी अ‍ॅसिडचं पण पॅकेज घ्या, ओमेगा-३ समजून जाईल." पैसे बरेच सांगून राहिला. आमच्याकडे जवसाची चटणी रोजची आहे, मग गरज आहे का? कोणी केली असेल तर सांगा.

इतवारीकर: नको बे. त्या पैशात सहा महिन्यांचं तेल येते.

पांढरी_पेशी: मी लॅबमध्येच काम करते म्हणून थोडं लांब लिहिते. पहिले विचारा, टेस्ट प्लाझ्मावर (रक्ताचा पातळ भाग) आहे की लाल पेशींवर. प्लाझ्मात अलीकडच्या जेवणाचाच रंग दिसतो. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे एचबीए१सीसारखंच मागच्या काही महिन्यांचं खाणं कळते. ओमेगा-३ इंडेक्स म्हणजे त्या पेशींच्या आवरणातल्या एकूण फॅटी अ‍ॅसिडमध्ये ईपीए आणि डीएचए (ओमेगा-३ चे दोन प्रकार) मिळून किती टक्के. ८ च्या वर चांगलं, ४ च्या खाली कमी. प्लाझ्माच्या रिपोर्टला हे आकडे लावू नका.

जवसाचं म्हणाल तर त्यात एएलए (वनस्पतींतलं ओमेगा-३) असते. शरीर त्यातून ईपीए थोडंसंच बनवते, डीएचए तर अगदीच नावाला. चटणी खा, पण इंडेक्स कमी आला तर दचकू नका. शाकाहाऱ्यांसाठी शेवाळाच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात.

जवसचटणी: ताई, मग ट्रायग्लिसराइड कशाने? तूप तर आईने कधीचंच बंद केलं.

पांढरी_पेशी: तूप बिचारं उगाच बदनाम. भात, साखर, मैदा गरजेपेक्षा जास्त झाला की लिव्हर स्वतःच पामिटिक अ‍ॅसिड (तुपातही असणारं एक फॅटी अ‍ॅसिड) बनवते, त्यातून पुढे पामिटोलिक हे दुसरं. हीच चरबी ट्रायग्लिसराइड म्हणून रक्तात येते. म्हणून रिपोर्टमध्ये पामिटिक वाढलेलं दिसलं तर ते फक्त ताटातल्या तुपातून आलं असं नाही. बाबा भात किती खातात? संत्रा बर्फी?

जवसचटणी: भात दोन्ही वेळेला. बर्फीचं विचारू नका, डबा फ्रीजच्या वर लपवून ठेवतात.

इतवारीकर: 😂 टेस्ट झाली की हो, फुकटात.

पांढरी_पेशी: खरंच. पहिले तीन महिने बर्फी बंद, भात अर्धा, जेवणानंतर अर्धा तास फिरणं. मग साधी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडची तपासणी) उपाशीपोटी, सोबत एचबीए१सी. पॅकेजचं नंतर बघा. आणि कॅप्सूल मनाने सुरू करू नका, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर. ओमेगा-३ च्या जास्त डोसमध्ये काहींना ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना विचारूनच.

तर्रीवाला: व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन राहिलं की सोयाबीन तेल विष आहे. आम्ही तर तेच वापरतो.

पांढरी_पेशी: सोयाबीन तेलात मुख्यतः लिनोलिक अ‍ॅसिड (एक ओमेगा-६ फॅटी अ‍ॅसिड) असते. रक्तात ते जास्त असणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराने मृत्यू कमीच दिसले आहेत. विष बिष काही नाही. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, बस.

जवसचटणी: डबा सापडला. अर्धा रिकामा. बाबा म्हणतात मुंग्यांनी खाल्ली.