डेस्मोसीनची लघवीची तपासणी मुंबईत होते का? (बाबांना एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या झिजण्याचा आजार आहे)

नमस्कार मंडळी,

बाबांनी सत्तरी ओलांडली आहे. तरुणपणी लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तिथे कापसाचा तूस नाकातोंडात जायचा, आणि जोडीला विडी. १९८२च्या संपात नोकरी गेली, विडी मात्र अगदी अलीकडे सुटली. आता चाळीचा जिना चढताना मध्येच थांबून दम खावा लागतो. स्पायरोमेट्री (फुंकर मारून करतात ती श्वासाची तपासणी) आणि सीटी स्कॅन झालंय, इनहेलर चालू आहेत.

डॉक्टर म्हणाले, श्वास आत जातो, पण फुप्फुसाची लवचिकता गेल्यामुळे तो नीट बाहेर पडत नाही. ही लवचिकता ज्या प्रथिनामुळे असते, त्या इलास्टिनबद्दल तेव्हापासून मी मिळेल ते वाचतेय. इलास्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवतं ते डेस्मोसीन हे अमिनो आम्ल. ते आपल्याला जेवणातून मिळत नाही. साखळ्या पेशीबाहेर आल्यावर लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम (त्याला तांबं लागतं) त्यांतल्या लायसीन या अमिनो आम्लावर काम करतं, मग चार लायसीन जुळून एक डेस्मोसीन होतं. या गाठींमुळेच धागा ताणला तरी पुन्हा मूळ लांबीवर येतो. फुप्फुसातलं बहुतेक इलास्टिन जन्माआधी आणि लहानपणीच तयार होतं, पुढे आयुष्यभर तेच पुरवायचं. हे वाचून फार वाईट वाटलं.

विडीच्या धुराने फुप्फुसात पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि त्यांचं इलास्टेज नावाचं एन्झाइम हे धागे तोडतं. सुटलेलं डेस्मोसीन शरीर परत वापरत नाही, ते लघवीतून बाहेर जातं. संशोधनात ते मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वजनावरून ओळख पटवणाऱ्या यंत्राने) मोजतात. विडी सुटल्यावर बाबांची झीज मंदावली का, हे त्यावरून कळेल अशी मला आशा आहे. मुंबईत कुठल्या लॅबमध्ये हे करून मिळतं का? आणि रक्तवाहिन्या, त्वचा यांतलंही इलास्टिन झिजतच असतं, मग एकट्या आकड्यावरून फुप्फुसाबद्दल काही ठरवता येतं का? कुणी या क्षेत्रात असाल तर कृपया सविस्तर लिहा.

दुसरं, इलास्टेजला आवर घालणाऱ्या अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची रक्ततपासणी. सीओपीडीच्या (श्वासमार्ग अडणारा दीर्घकालीन आजार, एम्फिसीमा त्यातच येतो) प्रत्येक रुग्णाची ती एकदा तरी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाबांची झालेली नाही. या प्रथिनाची कमतरता आनुवंशिक असते, म्हणून माझ्या आणि भावाच्या दृष्टीनेही विचारतेय. इथे कुणी करून घेतली आहे का? नुसतं प्रमाण पाहतात की जनुकीय तपासणीही करतात?

शेजारचे काका कोलॅजन पावडर घ्या म्हणून मागे लागलेत. कोलॅजन हे वेगळं प्रथिन, त्यात डेस्मोसीन नसतंच, शिवाय पोटात गेल्यावर ते पचून जाणार. मी ठाम नको म्हटलंय. तो पैसा फुप्फुसांच्या व्यायामाच्या वर्गाला, म्हणजे पल्मनरी रिहॅबला, लावावा असं वाटतं. भायखळा ते सायनच्या दरम्यान, तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या जागी असा वर्ग माहीत असेल तर नक्की सांगा.