धुरावरची हिरवी रेघ
पर्यावरणाचा संदेश देणाऱ्या रोषणाईला कुणी टोमणा मारतं, 'वीज जाळून वीज वाचवा सांगायचं'. कोल्हापुरात रंकाळा तलावाकाठच्या झगमगाटाला तो चपखल बसतो. पण सरसकट नको. २००८ च्या फेब्रुवारीत हेलसिंकीत 'हेहे' या कलाकार जोडीनं कोळशावर चालणाऱ्या साल्मिसारी वीजकेंद्राच्या चिमणीतून निघणाऱ्या ढगाभोवती लेझरनं हिरवी रेघ आखली होती. गंमत म्हणजे आसपासच्या लोकांनी वीज कमी वापरली की ती आकृती मोठी व्हायची. बक्षीसच की!

आपल्याकडं त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर पणत्या लागतात. एका वर्षी उजाडेपर्यंत थांबलो. अंधारात पाणी काय देखणं दिसत होतं! मग उजेडात फेस दिसला, वर तेलाचा तवंग. त्यातलं थोडं तेल माझ्याच पणतीचं, हेही खरं.