बेनेटबाईंना हसणं थांबवा

अबोली: जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीच्या पहिल्या ओळीवर काल इथे कुणी लिहिलं: "पैसेवाल्या एकट्या पुरुषाला बायको हवीच, हे जगन्मान्य सत्य! १८१३ सालच्या आया किती हपापलेल्या होत्या बघा." वाचून डोकंच फिरलं. अहो, त्यातल्या बेनेटबाईंना पाच मुली, मुलगा नाही. नवऱ्याने डोळे मिटले की घर-जमीन सगळं त्याच्या नात्यातल्या पुरुष वारसाचं, कॉलिन्सचं. दुसऱ्या लेकीला, लिझीला, आईच्या पश्चात हजार पौंड, चार टक्क्यांनी. म्हणजे वर्षाला ४० पौंड. त्या बाईने स्थळं शोधायची नाहीत तर काय करायचं?

मुळशीकर: ताई, ओळ उपरोधाची आहे. गरज त्याला नाही, मुलींच्या घरच्यांना आहे. पुढच्याच वाक्यात शेजारी त्याला आपल्या पोरीची मालमत्ता धरून चालतात. आणि बाईंचं कौतुक नको. पाऊस येणार हे बघून थोरल्या लेकीला, जेनला, त्या पैसेवाल्या तरुणाच्या घरी गाडी न देता घोड्यावर पाठवलं, तिथेच मुक्काम पडावा म्हणून. पोरगी तापाने फणफणली.

अबोली: आणि बेनेटसाहेब? वर्षाला दोन हजार पौंड उत्पन्न, पण मुलगा होईल या भरवशावर काही साठवलं नाही. दार लावून पुस्तकं वाचत बसले. त्यांना मात्र सगळे 'मिश्कील' म्हणतात!

कऱ्हाडची लेक: अगदी खरं. आमचे अण्णाही असेच, देवमाणूस, पण कागद एक केला नाही. ते गेल्यावर दोन महिन्यांत भावाने हक्कसोडपत्रावर सही घेतली. बाहेर टपरीवर चहा पाजला, "माहेर तुझंच आहे" म्हणाला. कायद्याने वाटा माझा होता. सात-बारावर आता माझं नाव नाही, आणि दिवाळीला फोनही नाही.

मुळशीकर: कादंबरीत सात-बारा कुठून आला? सगळे भाऊ चोर का? मी बहिणीला हिस्सा दिला, वकिलाचा खर्चसुद्धा मीच केला.

कऱ्हाडची लेक: दिला? तिचाच होता तो!

अबोली: हेच म्हणतेय मी! लिझीला तर मागायला कायदाही नव्हता. खुद्द लेखिका वडील १८०५ मध्ये गेल्यावर आई-बहिणीसह भावांच्या मदतीवर राहिली. तिला हे सगळं ठाऊक होतं.

मुळशीकर: बरं बाई, 'दिला' मागे घेतो. बेनेटसाहेबही चुकले, धरा. पण जेनला पावसात पाठवलं ते मी कधीच माफ करणार नाही.